उडीद काळा, ज्वारी पांढरी

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीला पुण्याहून आलेला नंदेचा मुलगा महांतेश आज परत गेला आणि जाताना त्याचा जुना कॅमेरा माझ्या हातात ठेवून गेला. "मामी, मी नवा घेतलाय. हा कपाटात पडून खराब होईल. तुम्ही वापरा." मी नुसतंच एकदा म्हणाले होते, की हळदीला पुरुष फोटोवाला आत घुसला की बायका पदर ओढून कोपऱ्यात बसतात, तिथं बाईनंच फोटो काढायला पाहिजेत. पोरानं ते ध्यानात ठेवलं.

मुरुम गावात पंधरा वर्षं पार्लर चालवते मी. किती नवऱ्या मुली सजवल्या त्याची गणती नाही. फोटोत बघावं तर कुणाचं तोंड चुन्यासारखं, कुणाचं कोळशासारखं. माझी मेहनत जाते कुठं? आता आपणच शिकायचं.

आमच्या ह्यांना सांगितलं. (वहीत नाव लिहिलं तर काय बिघडतंय? शांतलिंग.) भुसार दुकानात माप करता करता म्हणाले, "शिक की. फक्त दुकानातल्या उंदरांचे काढू नको, गिऱ्हाईक यायचं न्हाय."

आज सत्तर फोटो काढले. सगळे मांजराचे. सत्तरच्या सत्तर काळे.

११ नोव्हेंबर, सोमवार

बशीरचाचांकडं गेले. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. बसस्टँडमागचा त्यांचा स्टुडिओ दोन वर्षं झाली बंद आहे. का बंद केला विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला बेटी. आता मोबाइल घेतला की सगळेच फोटोग्राफर."

अंगणात उन्हाला बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ओळख दाखवली नाही. "चाचा" म्हणाले तेव्हा लगेच, "कोण, शांतलिंगची जगदेवी?" मोठे कलाकार असेच असतात, आपल्याच तंद्रीत.

कॅमेरा हातात घेतला मात्र, साडीच्या निऱ्यांवर माझी बोटं फिरतात तशी त्यांची बोटं फिरली. खाली बघितलंसुद्धा नाही. हे चाक, हे बटण, इथं मेनू. मग म्हणाले, "क्वालिटी कशावर ठेवलीस? वाच."

मी वाचलं. क्वालिटी बेसिक, साइज स्मॉल. वर फुशारकीनं सांगितलं, की अशानं कार्डात नऊ हजार फोटो बसतात.

"पोती भरायलीस काय? भुसार शांतलिंगला करू दे." मग समजावून सांगितलं. बेसिकवर काढलेला फोटो मोबाइलवर बरा दिसेल, पण भिंतीवर लावायला मोठा केला की चेहऱ्याचे तुकडे तुकडे दिसतील. साइज नेहमी मोठीच ठेवायची. शिवाय जेपीजी म्हणजे भाजलेली भाकरी. करपली तर खरडता येती, परत पीठ होत नाही. रॉ म्हणजे पीठच. घरी येऊन पाहिजे तशी भाकरी थापा. "पण लक्षात ठेव," म्हणाले, "किडक्या ज्वारीचं पीठ असंल तर रॉ काय करणार?"

शिकवायला तयार झाले. अट एकच. फोटो काढायचा आणि तो त्यांना तोंडानं सांगायचा. उजेड कुठून आला, सावली कुठं पडली, माणूस कसा बसलाय, सगळं. स्क्रीन दाखवायची नाही. "दाखवून कुणीबी शिकतंय. सांगता आलं पाहिजे."

काय कडक शिस्त! मला तर आवडली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेळीचा फोटो काढला. खट्... खट् असा आवाज आला. चाचा भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "लई लांब आवाज. सेकंदाचा पंधरावा भाग असंल. शेळी हलली ना?"

बघते तर शेळीला दोन तोंडं. हलणारं काही असेल तर वेळ कमी करायचा, अडीचशेवा भाग तरी. मग उजेड कमी पडतो, म्हणून भिंगाचं भोक मोठं करायचं. आणि भोक मोठं म्हणजे आकडा लहान! असं उलटं कुणी ठरवलं असेल? तरीही उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवायचा, पण फार वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं. चाचा नुसत्या आवाजावरून वेळ ओळखतात. उस्ताद म्हणतात ते हेच.

खैरुनचाचींनी चहा आणला. चाचांच्या हातात बशी दिली, कप दिला, वर त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट लावून दिली. चाळीस वर्षांचा संसार, आणि अजून केवढं कौतुक! घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू ताट आपटतीस, त्यातबी प्रेमच हाय की."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोकं चाललं नाही आणि मग एकदम चाललं.

चाचांनी अभ्यास दिला होता. दुकानात पांढरं काहीतरी आणि काळं काहीतरी, दोन्हीचे जवळून फोटो, कॅमेऱ्याला ऑटोवर ठेवून. मी ज्वारीच्या ढिगाचा काढला आणि उडदाच्या ढिगाचा काढला. घरी शेजारी शेजारी लावून बघितले तर दोन्ही ढीग एकाच रंगाचे! मळकट राखाडी. ह्यांना दाखवलं. हे चष्मा लावून म्हणाले, "हा कॅमेरा आडतीवर बसवला तर माझं वाटोळं करंल."

पळतच चाचांकडं गेले आणि सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला, की उठून उभेच राहिले. "आता कळलं? कॅमेरा लई भोळा असतोय बेटी. त्याला सगळं जग राखेच्या रंगाचं करायचं असतंय. पांढरं दिसलं की घाबरून अंधार करतो. काळं दिसलं की उगंच उजेड ओततो. त्याला सांगावं लागतं, बाबा, ज्वारी पांढरीच हाय, एक पायरी वाढव. उडीद काळाच हाय, एक पायरी कमी कर."

परत दुकानात गेले. ज्वारीला अधिक एक. उडदाला उणे एक. ज्वारी ज्वारीसारखी आली. उडीद असा काळाभोर, तेल लावल्यासारखा चमकणारा. मी त्या उडदाकडं किती वेळ बघत बसले. पोतं उतरवायला आलेला हमाल धुळाप्पा म्हणाला, "अक्का, उडीद निवडायलाव का?"

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज जरा वाईट वाटलं. आतापर्यंत दोन-अडीचशे फोटो झाले. त्यातले पंधरा तरी चांगले आहेत, मला कळतं. आज म्हणाले, "चाचा, हा एकच बघा ना." शेतातली करडई, मागून ऊन, काट्यांच्या टोकांवर उजेड. चाचांनी मान वळवली आणि म्हणाले, "सांग."

"सांगून सांगून दमले," मी बोलून गेले. "तुमच्या लायकीचे नसतील माझे फोटो."

खैरुनचाची माझ्याकडं बघत राहिल्या. मग चाचांनी हळूच विचारलं, "काट्यांना उजेड कसा लागलाय? सोन्यासारखा का दुधासारखा?" मी म्हणाले, दुधासारखा. तर डोळे मिटून बसले. त्यांच्या अशा वागण्याला काय म्हणावं मला कळत नाही. राग येतो, आणि दुसऱ्या दिवशी पाय तिकडंच वळतात.

१ डिसेंबर, रविवार

पहिलं काम! चौकातल्या महालिंगप्पांची मुलगी शिवरंजनी, लातूरला नर्स आहे, तिचं आठ तारखेला लग्न. तिची आई उमादेवी पार्लरमध्ये आली. मेकअप माझाच, आणि बायकांमधले फोटोही मीच काढायचे. मांडवातले फोटो नवऱ्याकडचा माणूस काढणार आहे, पण तिथंही मी असले तर चालेल म्हणाली. जाताना हळू आवाजात सांगून गेली, "पोरगी रंगानं दबलीय. दोन शेड तरी उजळ कर. आयुष्यभराचे फोटो हायत."

मी म्हणाले, काळजी करू नका. असं मी सगळ्यांनाच म्हणते.

७ डिसेंबर, शनिवार

हळद झाली. खोलीत बाई फोटोवाली म्हटल्यावर बायका काय मोकळ्या झाल्या! म्हाताऱ्या नाचल्या. एका आजीनं कन्नडमध्ये असला उखाणा घेतला, की इथं लिहिता येत नाही. एकच खिडकी, म्हणून आयएसओ सोळाशे. थोडा रवा सांडलाय, पण हसू खरं आलंय. क्वालिटी दहादा तपासली. रॉ, साइज मोठी.

शिवरंजनी फोटो बघायला माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "काकू, स्थळ बघताना दिलेले माझे फोटो एका स्टुडिओवाल्यानं इतके पांढरे केले, की मुलगा बघायला आला तेव्हा आधी माझ्या बहिणीकडंच बघत बसला. माझा एकबी फोटो माझ्यासारखा न्हाय."

ती हसून बोलली, म्हणून मीही हसले.

८ डिसेंबर, रविवार

सगळं लिहूनच झोपणार, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी शिवरंजनीचा मेकअप केला. दोन शेड उजळ, आईनं सांगितलं तसा. छान झाला. मग खिडकीपाशी बसवून एक फोटो काढून बघितला. मोठा करून बघितला. चेहरा ओल्या राखेसारखा, आणि कान, मान, हात तिचे स्वतःचे. जणू दुसऱ्याचं तोंड आणून लावलंय. आधी वाटलं, सेटिंग चुकलं. एक पायरी वाढवली, एक कमी केली. कॅमेऱ्यात काही चूक नव्हती.

मला ज्वारीचा आणि उडदाचा ढीग आठवला. कॅमेरा भोळा असतो म्हणून तसं करतो. मी तर पंधरा वर्षं शहाणी असून तेच करत आले.

दार लावलं. म्हणाले, "शिवरंजनी, पुसू का?" तिनं आरशात माझ्याकडं बघितलं. "खरंच?" मी म्हणाले, "तुझ्या आईचा ओरडा मी खाईन." आम्ही दोघींनी मिळून सगळं पुसलं. तिच्या रंगाची शेड माझ्याकडं नव्हतीच, कधी आणलीच नव्हती. दोन डब्यांतलं मिसळून तयार केली. डोळे काजळानं भरले. कपाळाला भस्म, वर कुंकू. मोरपंखी साडी. ती उठून उभी राहिली तेव्हा मला बोलायलाच सुचेना.

उमादेवीला सुचलं. "काय केलंस हे? माझ्या पोरीला काय अवदसा करून ठेवलीस? मुरुमातल्या एका बाईला तुझ्या पार्लरची पायरी चढू देणार न्हाय!" मुहूर्त तोंडावर होता, म्हणून सुटले.

मांडवात आणखी परीक्षा. भर दुपारचं ऊन, मागं पांढराशुभ्र पडदा. नवऱ्याकडच्या फोटोवाल्यानं दोन फोटो काढले, चेहरा काळा पडला, तर त्यानं फ्लॅश मारमारून सगळ्यांची तोंडं तेलकट करून टाकली. मी आधी गोंधळले. मग ठरवलं, कॅमेऱ्याला काही विचारायचंच नाही. मॅन्युअलवर टाकला. अक्षता द्यायच्या निमित्तानं शिवरंजनीच्या अगदी जवळ गेले, फक्त तिच्या गालावरचा उजेड मोजला, त्यातून उडदाइतकी एक पायरी कमी केली, आकडे पक्के केले आणि मागं आले. पडदा पांढराफट्ट होऊन उडाला तर उडू दे. चेहरा तिचा पाहिजे.

वाजंत्री सुरू झाली, नवरदेव काहीतरी पुटपुटला आणि ती मान मागं टाकून हसली. तेवढ्यात माझं बोट दाबलं गेलं.

आला आहे. मला वाटतं आला आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

उमरग्याच्या लॅबमधून बारा बाय अठराच्या दोन प्रती आणल्या. एक घेऊन उमादेवीकडं गेले. ह्यांनी विचारलं, "मी येऊ का संगं? मारलं-बिरलं तर?" नको म्हणाले.

उमादेवीनं फोटो घेतला आणि दारातच उभी राहिली. मी पायातल्या चपलेकडं बघत होते. मग ती आत गेली, महालिंगप्पांना हाक मारली, आणि म्हणाली, "अहो, बघा हो. ही तर माझ्या आईसारखी हसायली." महालिंगप्पा म्हणाले, "ती तशीच हसती. तुलाच आज दिसलं."

उमादेवी रडली, मग मला जेवायला बसवलं, मग परत रडली. गव्हाची गोड हुग्गी दोनदा वाढली.

१४ डिसेंबर, शनिवार

दुसरी प्रत घेऊन चाचांकडं गेले. मनाशी पक्कं केलं होतं, की आज दाखवणारच, अट गेली खड्ड्यात. कागदातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चाचा, आज सांगणार नाही. आज बघायचं."

चाचांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. कागदावरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "वा बेटी. चेहऱ्यावर उजेड बरोबर घेतलास."

मी हरखून वाकून बघितलं. गडबडीत मी फोटो पालथा ठेवला होता. चाचा कोऱ्या पांढऱ्या कागदाकडं बघत होते.

खैरुनचाची मागून आल्या. त्यांनी फोटो चाचांच्या हातातून घेतला, सरळ केला आणि परत त्यांच्या हातात ठेवला. शेळीच तेवढी ओरडली.

बशी हातात देणं. माझ्या आवाजावरून ओळखणं. वाच, सांग. मी किती वेडी! रोज समोर बसून उजेड-सावली शिकत होते आणि समोरच्या माणसाचं मला दिसलं नाही.

"दोन वर्षं झाली," चाचा म्हणाले. "आधी धुकं आलं. मग पिवळं पिवळं. आता उजेड कळतो, माणूस कळत न्हाय. फोटोवाल्या बशीरला दिसत न्हाय, असं गावात कशाला करायचं? शटर ओढून घेतलं." मग थोडं थांबून, "शिस्त-बिस्त काय नव्हती ग. तू येऊन सांगायचीस, तेवढं मला दिसायचं. तुझी करडई मी आठ दिवस बघितली."

खैरुनचाची मोतीबिंदू म्हणतात. डॉक्टरला दाखवायला चाचा तयार नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन कितीतरी वर्षांपूर्वी बिघडलं होतं, ती भीती. "हाय तेवढा उजेडबी गेला तर?"

मी घरी येऊन रडले. हे दुकान सोडून आले आणि चहा केला. त्यांचा चहा वाईट असतो, पण प्यायले.

१६ डिसेंबर, सोमवार

आज चाचांशी भांडले. पोरीनं बापाशी भांडावं तशी.

"चाचा, भिंगाला बुरशी धरली तर तुम्ही काय करायचा?"

"खोलून पुसायचो."

"आणि पुसून निघाली न्हाय तर?"

"दुसरं भिंग घालायचो."

"कधी भ्यालाव का?"

"माझ्या हातात होतं तवर कशाला भिऊ?"

"मग ज्याच्या हातात ते काम हाय, त्याला करू द्या की."

चाचांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. "खैरुन," म्हणाले, "हिला शिकवून मी चूक केली."

शुक्रवारी सोलापूरला जायचं. हे गाडी घेऊन येणार.

२० डिसेंबर, शुक्रवार, सोलापूर

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, पण डोळ्याचा आतला पडदा चांगला आहे. आधी उजवा डोळा करू. आतलं जुनं भिंग काढून नवं बसवायचं. चाचांनी विचारलं, "झूम का फिक्स?"

डॉक्टर आधी गडबडले, मग हसले. "फिक्स. लांबचं स्वच्छ दिसेल. वाचायला चष्मा लागेल."

"चालतंय. झूमपेक्षा फिक्सच बरं," चाचा म्हणाले आणि आत गेले. अर्ध्या तासात बाहेर. खैरुनचाची तेवढा वेळ तस्बीचे मणी ओढत होत्या आणि मी ओम नमः शिवाय म्हणत होते. हे मध्ये बसून दोघींना शेंगा सोलून देत होते.

२१ डिसेंबर, शनिवार

पट्टी काढली. चाचा आधी खिडकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे आभाळ इतकं निळं कुणी केलं? दोन वर्षं मी सगळं पिवळ्या बल्बखाली बघत होतो." नर्सच्या बाहीवरचा दोरा दिसला, भिंतीवरची पाल दिसली, ह्यांच्या शर्टवरचं शेंगांचं फोलपट दिसलं. प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होते.

मग खैरुनचाचींकडं वळले आणि थांबले.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"दोन वर्षं झाली," चाची म्हणाल्या.

"मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

हे आणि मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो. तहान कुणालाच नव्हती.

२९ डिसेंबर, रविवार

चाचांनी आज माझे सगळे फोटो बघितले. काळा चष्मा कपाळावर, वाचायचा चष्मा नाकावर, लॅपटॉपला नाक लावून. आणि काय बोलणी खाल्ली मी! "हा का तिरका? इथं पांढरं उडवलंस. हिचा पाय कापलास, काय वैर होतं?" शिवरंजनीपाशी आले तेव्हा मात्र नाकावरचा चष्मा नीट केला. लॅपटॉपवरचा बाजूला सारला आणि छापलेला मागितला. दारात, उजेडात नेऊन बघितला. परत आणून दिला आणि म्हणाले, "पडदा उडालाय." मग, "उडू दे. बरोबर केलंस."

उमादेवीनं तिच्या जावेच्या मुलीचं लग्न मला सांगितलंय. मेकअपही, फोटोही. तिनंच सांगून ठेवलं, मुलगी हाय तशीच दिसली पाहिजे. मी चाचांना विचारलं, याल का बरोबर? म्हणाले, "दुसरा डोळा झाला की येतो. तवर तू मोठी होऊ नको."

मग एकदम म्हणाले, "कॅमेरा दे."

खैरुनचाची ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. "उठ, इकडं उजेडात बस," चाचा म्हणाले. चाची लाजल्या, पदर डोक्यावर घेतला. चाळीस वर्षं फोटोवाल्याची बायको, आणि आधार कार्डावरचा सोडून एक फोटो नाही. "तुम्ही जगाचे काढत फिरलाव," चाची म्हणाल्या, "घरी आल्यावर रोल संपलेला असायचा." मी पांढरी चादर धरून बाजूला उभी राहिले, म्हणजे गालावर उजेड पडावा. चाचांनी पदर थोडा मागं घ्यायला लावला, पांढरे केस दिसतील एवढा. चाकं फिरवली. या वेळी खाली बघून फिरवली.

"हलू नको हं."

"न्हाय हलत. काढा लवकर, तांदूळ पाखरं खायलीत."

बोट दाबलं. स्क्रीन चाचांनी स्वतः बघितली, मग मला दाखवली.

फोटो हलला होता. चाची तर दगडासारख्या बसल्या होत्या.

मी चादर पुन्हा नीट धरली. चाचांनी बाहीनं तोंड पुसलं, हात हलू नये म्हणून दोन्ही कोपर पोटाशी घेतले, आणि म्हणाले, "आणखी एक."